हशा कुठे पडतो: मुंबईतील एका मराठी ‘ड्रॅक्युला’च्या प्रेक्षकांचा अभ्यास

मुंबईतील एका हौशी नाट्यसंस्थेने ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीचे दोन अंकी मराठी रूपांतर रंगमंचावर आणले, तेव्हा पहिल्या अंकाच्या अखेरीस, जिथे प्रेक्षागृहाने श्वास रोखून धरावा अशी दिग्दर्शकाची अपेक्षा होती, नेमका तिथेच मोठा हशा पडला. गिरगावातील त्या पहिल्या प्रयोगानंतर संस्थेने नाटक बंद केले नाही. प्रयोगागणिक संहिता, वेशभूषा आणि प्रकाशयोजना ती बदलत गेली आणि प्रत्येक बदलानंतर प्रेक्षक काय करतात याची नोंद ठेवत गेली. भयनाटकाचा मराठी प्रेक्षक नेमका कशाला घाबरतो आणि कशाला हसतो, हे इतक्या जवळून तपासण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. संस्था, कलाकार आणि नाट्यगृहे यांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

नोंदींचा मुख्य आधार म्हणजे प्रॉम्प्टरची संहिता. विंगेत बसून संवाद पुढे सरकवणाऱ्या या गृहस्थांनी समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत: हशासाठी ‘ह’, टाळीसाठी ‘टा’, पूर्ण शांततेसाठी आडवी रेघ आणि खोकल्यासाठी ‘खो’. खोकल्याची नोंद कोणाला गमतीची वाटेल, परंतु कंटाळलेला प्रेक्षक मोकळेपणाने खोकतो आणि गुंतलेला प्रेक्षक खोकला दाबून धरतो, हे विंगेत वर्षे काढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. याखेरीज प्रयोगानंतर गोळा केलेल्या अभिप्रायाच्या चिठ्ठ्या होत्या आणि कलाकारांना भेटायला आत येणाऱ्या मंडळींची बोलणी होती. यांपैकी चिठ्ठ्यांवर माझा सर्वांत कमी विश्वास आहे. जो प्रेक्षक पोट धरून हसला तोच जाताना ‘अंगावर काटा आला, संपूर्ण चमूचे अभिनंदन’ असे लिहून जातो. आपल्याकडे नाटकवाल्यांना तोंडावर वाईट म्हणण्याची पद्धत नाही. हसताना मात्र कोणी भिडस्तपणा करत नाही.

रूपांतराचा घाट

‘ड्रॅक्युला’ मे १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा लेखक लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता आणि नाट्यरूपाचे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून त्याने पुस्तक बाहेर येण्याच्या काही दिवस आधी, १८ मे रोजी, त्याच नाट्यगृहात कादंबरीचे नाट्यवाचन घडवून आणले होते. तरीही ही कादंबरी रंगमंचाला सहज वश होणारी नाही. ती सगळी रोजनिशा, पत्रे, तारा आणि कात्रणे यांतून उलगडते आणि ट्रान्सिल्व्हेनियापासून यॉर्कशायरच्या किनाऱ्यापर्यंत हिंडते. मुंबईच्या रूपांतरकाराने हा पसारा आटोपून गिरगावातील एका घराच्या ओटीवर आणि माजघरात आणला आणि काळ मात्र मूळचाच ठेवला.

त्यामागे विचार होता. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांना मांडवी भागातील रुग्णांमध्ये ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, लक्षणे आढळली आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले. स्टोकरच्या कादंबरीत सारे खलाशी गमावलेले एक जहाज व्हिटबीच्या बंदराला लागते, त्याच्या सुकाणूला कप्तानाचे प्रेत बांधलेले असते आणि पुढे त्या सरदाराच्या, म्हणजे रक्तशोषक ड्रॅक्युलाच्या, वास्तूत उंदरांचे थवे दिसतात. हे जहाज मांडवी बंदराला लावायचे एवढेच काम उरले होते. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ करणाऱ्या नाटककार देवलांच्या काळापासून मराठी रंगभूमी परक्या कथेला आपले घरदार देत आली आहे. इथे तर घरदार आणि साल दोन्ही आयते मिळाले.

नाटकातील सरदार हा उत्तरेकडच्या कुठल्याशा डोंगरी संस्थानाचा ‘रावसाहेब’ आहे. घरातला कर्ता मुलगा सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून असून रावसाहेबांसाठी शेजारची चाळ खरेदी करण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. घरात सोवळ्यातली आजी आहे आणि माहेरपणाला आलेली नात आहे. या नातीच्या आजाराचा छडा लावणारा डॉक्टर गोव्याचा, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेला दाखवला आहे.

पहिला प्रयोग

लंडनमध्ये १९२७ साली हॅमिल्टन डीनच्या नाट्यरूपाचे प्रयोग सुरू झाले तेव्हा घेरी येणाऱ्या प्रेक्षकांसाठी प्रेक्षागृहात गणवेशातील परिचारिका ठेवली होती. जाहिरातीचा हा प्रकार भलताच यशस्वी ठरला. गिरगावच्या संस्थेने त्याचे अनुकरण केले. फाटकाशी रुग्णवाहिका उभी करण्यात आली आणि तिसऱ्या घंटेनंतर, मोबाइल बंद ठेवण्याच्या सूचनेला जोडून, ‘कमकुवत हृदयाच्या प्रेक्षकांनी आपल्या जबाबदारीवर थांबावे’ अशी घोषणा झाली. प्रॉम्प्टरच्या संहितेतला पहिला ‘ह’ पडदा उघडण्यापूर्वीचा आहे. लंडनच्या प्रेक्षकाला परिचारिका पाहून धास्ती वाटली असेल. गिरगावच्या प्रेक्षकाने रुग्णवाहिका पाहिली आणि ‘बघू या तर कोण घाबरवतो’ अशा पवित्र्यात तो खुर्चीत बसला. नाटकाने आव्हान द्यायचे आणि प्रेक्षकाने ते स्वीकारायचे, असा सामना एकदा लागला की त्यात नाटकाची सरशी होणे कठीण असते.

अंकाच्या अखेरीस रावसाहेब नातीच्या बिछान्याशी येतात. या वेळी त्यांच्या अंगावर उंच कॉलरचा काळा झगा आणि तोंडात सुळे होते, कारण तिकीट काढून आलेल्या माणसाला ‘ड्रॅक्युला’ दिसलाच पाहिजे असा निर्मात्यांचा आग्रह होता. त्या उंच कॉलरचा उगमही डीनच्या रंगमंचावरच आहे. प्रेक्षकांकडे पाठ केली की नटाचे डोके कॉलरआड लपत असे आणि तो चोरदरवाजातून नाहीसा होई, म्हणजे ती एक रंगमंचीय सोय होती. गिरगावच्या रंगमंचाला चोरदरवाजा नव्हता, झगा मात्र होता. सुळ्यांमुळे नटाचे ‘स’ आणि ‘श’ दोन्ही सुटत नव्हते. ‘शांत झोप’ हे दोन शब्द त्याने उच्चारले आणि पुढच्या रांगांतून एक लहान मूल स्पष्ट आवाजात म्हणाले, “आई, त्यांची कवळी सैल झालीय.” त्यानंतर पडदा पडेपर्यंत कोणालाही काहीही ऐकू आले नाही.

मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत, हा एकच विषय होता.

संस्थेच्या बैठकीत दिग्दर्शकाने निदान केले की मराठी प्रेक्षक विनोदी नाटकांना सोकावला आहे आणि मोबाइलवर परदेशी भयपट पाहणाऱ्या पिढीला रंगमंचावरचे भय लुटुपुटीचे वाटते. हे निदान सोयीचे आहे, कारण त्यात दोष सगळा खुर्चीत बसलेल्यांचा ठरतो. प्रॉम्प्टरच्या समासाशी मात्र ते जुळत नाही. त्याच प्रयोगात, सुळे दिसण्याच्या बऱ्याच आधी, संहितेच्या एका पूर्ण पानावर आडवी रेघ ओढलेली आहे. एकही ‘खो’ नाही. प्रेक्षक घाबरायला तयार होता, आणि घाबरलाही होता. तो कुठे घाबरला हे पाहायला हवे.

उंबरठा

रेघेचे ते पान रावसाहेबांच्या पहिल्या भेटीचे आहे. कादंबरीतला नियम असा की घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्या सरदाराला पहिल्यांदा घरात शिरता येत नाही. रूपांतरात रावसाहेब तिन्हीसांजेला ओटीवर येतात, जोडे काढतात, ते नीट जोडून भिंतीशी ठेवतात आणि उंबरठ्याच्या अलीकडे उभे राहतात. आजी विचारते, “गाव कुठलं आपलं?” उत्तर येते, “आता इथलंच म्हणायचं.” इथे बारीकसा ‘ह’ आहे. मग आजी पाणी आणायला सांगते, पाट मांडायला सांगते, आणि रावसाहेब हलत नाहीत. उभेच राहतात. दारात आलेल्या माणसाला ‘आत या’ म्हणणे आजीच्या तोंडी यायला लागणारा तो अर्धा-एक मिनिट प्रेक्षकांना असह्य होतो, कारण ती म्हणणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. न म्हणणारी आजी मराठी घरात असूच शकत नाही. दादरच्या प्रयोगात मधल्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, “नको म्हणा हो!” त्यावर कोणीही हसले नाही.

लंडनची परिचारिका, झगा आणि सुळे हा सगळा उसना माल होता आणि प्रेक्षकांनी तो परत केला. आपल्याच घराचा शिष्टाचार दगा देतो आहे हे दिसले तेव्हा मात्र त्यांना पळायला जागा उरली नाही. पुढच्या प्रयोगांतून झगा आणि सुळे दोन्ही काढून टाकले गेले आणि रावसाहेबांना साधे पागोटे आणि उपरणे मिळाले. या निर्णयाला निर्मात्यांचा विरोध होता. त्यांची समजूत पटली ती १९३१च्या चित्रपटाचा दाखला दिल्यावर: बेला लुगोसीचा ड्रॅक्युला जगभर ज्या चित्रपटाने पोहोचवला, त्यात त्याच्या तोंडात सुळे दिसतच नाहीत.

चाळ आणि लसूण

इथून पुढे हशाचा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर आला. खरेदीच्या प्रवेशात कारकून सांगतो, “चाळ जुनी आहे रावसाहेब, आणि भाडेकरूंनी भरलेली आहे.” रावसाहेब उत्तरतात, “असू द्या. मला भरलेलीच हवी आहे.” मुंबईत, जिथे दर दुसऱ्या घरी पुनर्विकासाची चर्चा चालू असते आणि रिकामी इमारत हेच प्रत्येक बिल्डरचे स्वप्न असते, तिथे या वाक्यावर काय होईल हे रूपांतरकाराच्या ध्यानात आले नव्हते. गिरगावात टाळ्यांसह हशा पडला. दादरला त्याहून मोठा. नटाला त्याची चटक लागली. तो वाक्यापूर्वी थांबू लागला, प्रेक्षकांकडे तिरका वळू लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयोगापर्यंत रावसाहेब हे एक मिश्कील गृहस्थ होऊन बसले. टाळी घेणे हा आपल्या रंगभूमीचा जुना आजार आहे आणि तो भुतालाही जडतो.

दिग्दर्शकाने या वेळी नेमका उपाय केला. वाक्य काढले नाही. नटाने ते कागदावर सही करता करता, मान खाली घालून, व्यवहारातल्या कुठल्याही वाक्यासारखे म्हणावे, अशी ताकीद दिली. हशा तरीही पडला, पण अर्ध्यावर तुटला. बिल्डरला इमारत भरलेली कशाला हवी असेल हा प्रश्न हसणाऱ्यांना हसता हसता पडत होता. प्रॉम्प्टरच्या समासात त्या दिवशी प्रथमच ‘ह’ आणि त्याला चिकटून आडवी रेघ अशी जोडखूण आली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची नोंद हीच. एरवी हशा आणि शांतता या परस्परविरोधी गोष्टी धरल्या जातात. भयनाटकात मात्र पहिलीतून दुसरी काढता येते, आणि तशी काढलेली शांतता अधिक खोल असते, कारण प्रेक्षक आपण हसलो म्हणून थोडा खजील झालेला असतो.

लसणाच्या प्रवेशात हे अधिक ठळकपणे दिसले. कादंबरीत सरदाराला दूर ठेवण्यासाठी डॉक्टर मुलीच्या गळ्याभोवती आणि खिडक्यांना लसणाच्या फुलांचा बंदोबस्त करतो आणि तिची आई, खोली कोंदट झाली म्हणून, प्रेमापोटीच ती फुले काढून टाकते व खिडकी उघडते. रूपांतरकाराने हे काम आजीकडे दिले आणि कारण बदलले. सोवळ्याच्या घरात लसूण! डॉक्टर माळ बांधून जातो न जातो तोच आजी चिमटा घेऊन येते, माळेला हात न लावता ती चिमट्याने उचलते, नाक मुरडत परसात फेकते, गोमूत्र शिंपडते आणि वर ‘गोव्याकडची माणसं, त्यांना काय कळणार’ असे पुटपुटते. प्रेक्षागृहात खसखस पिकते. वयस्क बायका शेजारणीला कोपराने ढोसताना मी पाहिल्या. मग आजी नातीच्या कपाळावर हात फिरवते, ‘आता मोकळा श्वास घे हो बाळ’ म्हणते, आणि खिडकी उघडते. संहितेत ‘ह’, ‘ह’, ‘ह’ आणि मग रेघ, जी अंकाच्या शेवटापर्यंत जाते. सुळे गेल्यावर पहिल्या अंकाचा पडदा याच खिडकीवर पडू लागला.

या प्रवेशावर नाराजीही आली. ‘आमच्या आचारविचारांची टिंगल करून टाळ्या मिळवल्या’ अशा आशयाची एक चिठ्ठी होती. लालबाग-परळ भागातील प्रयोगात उलट घडले. तिथे सोवळ्यावरचा हशा सर्वांत मोठा होता आणि त्यानंतर अपेक्षित शांतता आलीच नाही. गिरगावात लोक स्वतःच्या घराला हसले होते, परळमध्ये ते दुसऱ्याच्या घराला हसले, आणि दुसऱ्याच्या घराची खिडकी उघडी राहिली तर त्यात आपले काय जाते? एकाच नाटकाची भीती एकाच शहरात, रेल्वेने वीस मिनिटांच्या अंतरावर, वेगळ्या ठिकाणी असू शकते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

रामरक्षा

दुसऱ्या अंकातील तिन्हीसांजेचा प्रवेश हा दिग्दर्शकाच्या डोकेदुखीचा विषय होता. मूळ कादंबरीत क्रूस आणि पवित्र प्रसादाची चकती ही संरक्षणाची साधने आहेत. इथे आजी समईपाशी बसून रामरक्षा म्हणते आणि रावसाहेब, फक्त प्रेक्षकांना दिसतील असे, मागच्या गजांबाहेर उभे असतात. पहिल्या प्रयोगात आजीने स्तोत्र सुरू केले आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून प्रेक्षागृह तिच्याबरोबर म्हणू लागले. आधी ओठातल्या ओठात, मग चांगले ऐकू येईल असे. लहानपणी अंधाराची भीती वाटली की जे म्हणायला शिकवले होते तेच लोक म्हणत होते, आणि त्याने व्हायचे तेच झाले: भीती गेली. काहींनी शेवटी हात जोडले. प्रॉम्प्टरकडे या घटनेसाठी खूण नव्हती, त्याने समासात ‘सगळे म्हणतात’ असे लिहून ठेवले आहे.

दिग्दर्शकाला प्रवेश कापायचा होता. आजीचे काम करणाऱ्या अनुभवी अभिनेत्रीने दुसरा मार्ग सुचवला. रामरक्षेत शरीराचा एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या हवाली केला जातो: मस्तक, कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ आणि मग कंठ. तिने ‘जिव्हां विद्यानिधिः पातु’ इथपर्यंत म्हणायचे आणि पुढचे आठवेनासे व्हायचे. म्हातारपणी ओळ विसरते, त्यात अस्वाभाविक काही नाही.

दादरच्या प्रयोगात ती तिथे अडखळली. पुन्हा ‘जिव्हां’पासून सुरुवात केली, पुन्हा अडली. प्रेक्षागृहातून चार-पाच आवाजांनी, मोठ्या मायेने, ओळ पुरवली, “कंठं भरतवंदितः.” आजीने ती ऐकली नाही, कारण रंगमंचावरच्या माणसाला प्रेक्षक ऐकू येत नाहीत. ती तिसऱ्यांदा अडली. तोपर्यंत सांगणाऱ्यांच्या लक्षात आले होते की नेमका कोणता अवयव उघडा राहिला आहे आणि गजांबाहेर कोण उभे आहे. पुढे कोणी ओळ सांगितली नाही. भयाची साधने रंगमंचावर वाढवण्याऐवजी प्रेक्षकांच्या हातातले संरक्षण काढून घेण्याचा हा उपाय मला या निर्मितीतला सर्वांत बुद्धिमान वाटतो, आणि तो नटीला सुचला, दिग्दर्शकाला नव्हे, हेही नोंदवायला हवे.

त्या प्रयोगानंतर एक वृद्ध गृहस्थ आत आले. नाटक आवडले असे सांगून त्यांनी स्तोत्र अर्धवट सोडल्याबद्दल खंत व्यक्त केली. घरी असे कोणी करत नाही, म्हणाले. अभिनेत्रीने वाद घातला नाही. तेव्हापासून पडदा पडल्यावर ती विंगेत उभी राहून उरलेली रामरक्षा पूर्ण करते आणि मगच रंगभूषा उतरवते. प्रेक्षकांना हे ठाऊक नसते.

विलेपार्ल्याला महाविद्यालयीन तरुणांसाठी झालेल्या प्रयोगात ओळ कोणीच पुरवली नाही. बहुतेकांना ती पाठ नव्हती. त्यांना आजी विसरली एवढेच दिसले, आणि प्रवेश बरा पण साधा गेला.

प्लेगची माणसे

परळच्या प्रेक्षकांना भिववले ते दुसऱ्याच प्रवेशाने. नातीची अवस्था पाहून शेजारी प्लेगची वर्दी देतात आणि पथक तिला आर्थर रोडच्या रुग्णालयात न्यायला येते. इतिहासात त्या रुग्णालयाविषयी शहरात इतकी धास्ती होती की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने त्यावर हल्ला केला होता. आत नेलेल्या माणसांची मोमियाई काढतात, म्हणजे देहातून औषधी अर्क गाळतात, अशा अफवा पसरलेल्या होत्या. रक्त शोषणारा रावसाहेब आणि रक्त काढतात अशी अफवा असलेले रुग्णालय यांच्या मधोमध सापडलेले घर हा रूपांतराचा खरा गाभा आहे. परंतु संहितेत तो संवादांत हरवला होता. प्रेक्षकांनी तो शोधून काढला. पथकाचा माणूस दारावर खूण करू लागतो तेव्हा परळमध्ये जी शांतता पसरली ती मी अन्य कुठल्याही प्रयोगात अनुभवली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये झालेला साथरोग कायदाच २०२० साली पुन्हा वापरात आला होता आणि दारावर चिकटवलेला कागद, बंद केलेली इमारत, रुग्णवाहिकेत एकटे बसवलेले घरचे माणूस हे सगळे या प्रेक्षकांनी नुकतेच सोसले होते. या प्रवेशानंतर काही जण उठून बाहेर गेले आणि परतले नाहीत. चिठ्ठ्यांमध्ये त्यांचे काही नाही, कारण चिठ्ठ्या शेवटपर्यंत थांबणाऱ्यांनाच मिळतात.

संस्थेने यानंतर संवाद कापून हा प्रवेश लांबवला. इतर बाबतींत तिने प्रेक्षकांचे ऐकले नाही, तेही योग्यच केले. रावसाहेब भर दुपारी काळबादेवीत फिरतात यावर तरुणांनी सर्वांत जास्त हरकत घेतली. उन्हात त्यांची राख व्हायला हवी होती. वास्तविक कादंबरीतला सरदार दिवसा फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा मर्यादित असते. सूर्यप्रकाशाने मरण्याची युक्ती १९२२च्या एका जर्मन मूकपटाची आहे आणि पुढच्या चित्रपटांनी ती नियम म्हणून रूढ केली. रक्त चढवण्याच्या प्रवेशावर वैद्यकीय पेशातील प्रेक्षकांनी दर वेळी तोच प्रश्न विचारला, की रक्तगट न पाहता चार जणांचे रक्त एकाच मुलीला कसे चालले. कादंबरीतही चौघेच रक्त देतात, आणि लांडस्टायनरचा रक्तगटांचा शोध १९०१चा आहे. डॉक्टरच्या तोंडी ‘कुणाचं रक्त मानवतं आणि कुणाचं नाही, हे अजून आम्हांलाच उमगलेलं नाही’ एवढे एक वाक्य घातल्यावर हा प्रश्न थांबला, आणि अनपेक्षितपणे त्या वाक्याला शांतताही मिळाली. अंधश्रद्धा पसरते का, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आड येतो का, अशी विचारणाही एकदा झाली; नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घेतलेले होते आणि नाटकात कोणी मांत्रिक नाही, हे उत्तर पुरेसे ठरले. लहान मुलांना प्रवेश द्यावा की नाही यावर अद्याप एकमत नाही. कवळीचा शोध एका मुलानेच लावला होता, हे कोणी विसरलेले नाही.

उरतो तो शेवट. कादंबरीत सरदार खुंटी ठोकून मरत नाही. त्याचा पाठलाग करणाऱ्यांपैकी हार्करची कुकरी गळ्यावरून फिरते, मॉरिसचा सुरा छातीत घुसतो आणि देहाची धूळ होते. रूपांतरात रावसाहेब मरतच नाहीत. पथक घर रिकामे करून चुना फासते, हमाल त्यांच्या मातीने भरलेल्या पेट्या बंदराकडे नेतात आणि रावसाहेब ओटीवर जोडे घालतात. इथे पडदा. प्रत्येक प्रयोगात टाळ्या उशिरा आल्या, कारण नाटक संपले हे लोकांना कळले नाही, आणि ‘त्याला मारला का नाही’ हा प्रश्न चिठ्ठ्यांत सर्वांत अधिक वेळा आला. दिग्दर्शकाच्या मते प्रेक्षकांना मोकळे करणे हे नाटकाचे काम आहे. माझ्या मते उशिरा आलेली टाळी कमी प्रतीची नसते, आणि ज्या रोगाचा शहरातून नायनाट व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली तो एका सुऱ्याने संपवणे हा १८९७च्या मुंबईवर अन्याय होईल. ठाण्याच्या प्रयोगासाठी कुकरी मागवण्यात आली आहे. ती नाटकाच्या प्रॉपर्टीच्या पेटीतच राहू द्यावी, असे मी विचारल्यावर सांगितले. ते मानले जाईल असे दिसत नाही.